बारा सह्या

आमच्या फॅकल्टीत ऐच्छिक विषय कसा निवडतात ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मध्येच विचारायला नको. विद्युत शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मे महिन्यात एक फॉर्म मिळतो. त्यावर पुढच्या वर्षाच्या विषयांच्या जोड्या असतात. जोडीतल्या एकावर खूण करायची, खाली सही ठोकायची आणि फॉर्म माझ्या खिडकीत आणून द्यायचा. बारा सह्या मिळाल्या की विषय चालतो, नाही मिळाल्या की बंद. आणि जी पोरं फॉर्मच देत नाहीत, त्यांना कचेरीने सोयीप्रमाणे कुठेही घालावं, असा नियम होता. अशी पोरं दर वर्षी निम्मी तरी असत. सही करायलासुद्धा अंग मोडून येतं यांचं.

ती कचेरी म्हणजे मी. स्तेलियाना. एकतीस वर्षं त्या खिडकीमागे बसले. खिडकी पोरांसाठी अकरा ते एक उघडी, बाकी वेळ पडदा. डीन दर चार वर्षांनी बदलायचा, मी बदलत नव्हते. कोण कुठल्या यादीत जाणार हे शेवटी माझ्या टेबलावर ठरायचं, आणि ते कुणी तपासायचं नाही.

सेव्हेर मोगोशानू यांचा विषय अशाच एका जोडीत होता. उच्च दाबाची वीज. उंच माणूस, खांदे जरा पुढे आलेले, अंगात बाराही महिने कारखान्यातल्या फिटरसारखा निळा डगला. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्यांचे दोन तांब्याचे गोळे होते, कलिंगडाएवढे. त्यांच्यामध्ये ते ठिणगी पाडायचे. ठिणगी पडली की सगळी इमारत दचकायची आणि डीन आपल्या खोलीत शिव्या घालायचा.

त्यांचा एकच हट्ट. यंत्र बंद केलं की आधी अर्थिंगचा दांडा लावायचा, म्हणजे आत उरलेली वीज जमिनीत उतरते, मग हात लावायचा. बटण बंद असलं तरी, तार सुटलेली असली तरी, जग बुडत असलं तरी. ज्याने दांडा न लावता हात पुढे केला तो परीक्षेत नापास, मग बाकीचं त्याला तोंडपाठ का येईना. एकदा एका पोराची आई खेड्यावरून आली. हातात टोपली, टोपलीत चीज आणि घरची प्लमची दारू. तिला त्यांनी माझ्या खिडकीसमोरच गाठलं.

"बाई, मी दहापैकी चार दिले म्हणून तुम्ही आज रडताय. पाच देऊन पास केला असता, तर दोन वर्षांनी तुम्ही त्याच्या थडग्यापाशी रडला असतात. तेव्हा टोपली घेऊन कुणाकडे गेला असतात?"

बाई रडायची थांबली आणि टोपली उचलून तरातरा निघून गेली. जाताना "दगड आहे मेला" असं म्हणाली ते मी ऐकलं. सरांनीही ऐकलं असणार.

खडूस होते, यात वाद नाही. सगळ्या फॅकल्टीत त्यांचं कुणाशी जमत नसे. माझ्याशी मात्र जमायचं. रोज सकाळी साडेआठला, पडद्याच्या आत, ते थर्मासमधून कॉफी आणायचे आणि कोपऱ्यावरच्या भट्टीतून दोन गरम कोव्रिगी, म्हणजे भाजलेल्या पावाची कडी. तीळ लावलेली त्यांची, खसखस लावलेली माझी. मग अर्धा तास ते ट्रान्सफॉर्मरच्या तेलाबद्दल बोलायचे आणि मी माझ्या गुडघ्यांबद्दल. माझा नवरा कधीच घर सोडून गेला होता. दिवसभरात माझ्याशी शिक्क्याच्या कामाखेरीज बोलणारा हा एकच माणूस. लोक काय काय बोलत. त्यात तसलं काही नव्हतं. पण तो अर्धा तास माझा होता, आणि तो कुणी काढून घेतला असता तर मी भांडले असते. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. आता करते.

त्यांची बायको मिओआरा. शाळेत भूगोल शिकवायची, हसरी बाई. त्यांची मुलगी आंका लग्न होऊन पादोव्हाला गेली. अर्धा रोमानिया तेव्हा इटलीला चालला होता, म्हणजे त्यात नवल नव्हतं. आंकाला मूल झालं. जावई रात्रपाळीला, ती दिवसपाळीला, बाळाला सांभाळणार कोण? मिओआराने शाळा सोडली आणि गेली. सरांनाही आंकाने बोलावलं होतं. तिकडच्या एका तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळत होतं, त्यांच्याच विषयातलं. सर म्हणाले, "येईन. पण पोरं निवडतायत तोवर कसा येऊ?"

त्याआधीच्या दोन वर्षांत निवडणारी पोरं कमी होत चालली होती. मिओआरा ऑक्टोबरात गेली. पुढच्या मे महिन्यात मी फॉर्म मोजले, तर सरांच्या विषयाला पाच सह्या.

जोडीतला दुसरा विषय 'स्मार्ट घर'. शिकवणारा ओक्ताव झाम्फिर, वय पस्तीस, बुटांना कायम पांढरे तळवे. त्याच्याकडे लॅपटॉपवर एक प्रोजेक्ट दाखवलं की आठ मार्क खिशात. तिकडे एकोणतीस सह्या. आणि टेबलाच्या कडेला, फॉर्म न दिलेल्या पोरांची नावं, छत्तीस.

मी त्यातली सात उचलली आणि सरांच्या यादीत घातली. पाच आणि सात बारा. नियमातच होतं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी त्यांच्या हातात दिली, तर ते एकेक नाव बोटाने वाचत गेले.

"बारा," ते म्हणाले. "बघा स्तेलियानाबाई, पोरांना कळतं. गाजावाजा कुठे आहे आणि काम कुठे आहे, कळतं त्यांना."

"कळतं तर," मी म्हटलं आणि कोव्रिगीचा तुकडा तोडला.

एकदा केलं की दुसऱ्यांदा करायला काहीच लागत नाही. पुढच्या वर्षी आठ नावं घातली, त्याच्या पुढच्या वर्षी सात. ऑक्टोबरात त्या पोरांपैकी कुणीतरी खिडकीशी यायचंच.

"बाई, मी हा विषय मागितलाच नव्हता."

"मग काय मागितला होतास?"

"काहीच नाही."

"मग काहीच नाही मागणाऱ्याला ताटात पडेल ते खावं लागतं. चल, मागे रांग आहे."

सर दर वर्षी पहिल्या तासाला एकच वाक्य बोलून सुरुवात करत, हे मला पोरांकडूनच कळलं. "तुम्ही इथे आपल्या पायांनी आलेले आहात, तेव्हा तक्रार ऐकून घेणार नाही." यावर वर्ग हसायचा. सर मला सांगायचे, "हसतात हो पोरं. मोकळेपणाने हसतात. सक्तीच्या विषयाला कुणी असं हसतं का?"

सहाव्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी, ते कॉफी न आणता आले. पहिल्यांदाच. आंकाचा फोन आला होता. मिओआराला झटका आला होता, इस्पितळात होती, बोलत होती पण अर्धं अंग गेलं होतं.

"जाऊन या सर," मी म्हटलं. "आजच निघा. बसने बुखारेस्ट गाठा, तिथून विमान."

"शनिवारी जातो. गुरुवारी प्रात्यक्षिक आहे."

"पोरं थांबतील की."

"थांबतील. पण त्यांना सांगू काय? बारा जणांनी माझ्यावर भरवसा टाकून विषय घेतलाय. उद्या म्हणतील, हा म्हातारा आम्हाला अर्थिंगचं शिकवतो आणि स्वतः मध्येच तार सोडून जातो. डॉक्टर म्हणतायत धोका नाही. शनिवारी जातो."

त्या वर्षीची यादी माझ्या मागच्या कपाटात होती. चार सह्या, आठ नावं मी घातलेली. एवढं एक वाक्य बोलले असते तर माणूस त्या दुपारी निघाला असता. मला वाटलं, डॉक्टर म्हणतायत ना धोका नाही. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर हे मोडतील. खरं म्हणजे मला वाटलं की हे मला पुन्हा तोंड दाखवणार नाहीत.

गुरुवारी प्रात्यक्षिकाला पाच पोरं आली. शुक्रवारी पहाटे मिओआरा गेली.

चाळीसाव्या दिवशी सरांनी प्रथेप्रमाणे उकडलेल्या गव्हाचं गोड करून आणलं, प्लॅस्टिकच्या पेल्यांतून, वर साखर. स्वतः केलं होतं, गहू नीट शिजला नव्हता. सगळ्या कचेरीला वाटलं. माझा पेला देताना म्हणाले, "लोक म्हणतात मी जायला हवं होतं. तुम्हीही म्हणत असाल. पण मिओआरा शिक्षिका होती. बारा पोरांनी निवडल्यावर वर्ग टाकून येता येत नाही, हे तिला समजत होतं. एवढं एक आहे माझ्यापाशी."

मी ते गहू चावत राहिले.

तुम्ही म्हणाल, त्यानंतर तरी थांबायचं. कसं थांबणार? बायको गेली, घरात भिंती उरल्या, आणि माणसाला सकाळी उठवणारी एकच गोष्ट, ती बारा नावांची यादी. ती काढून घ्यायची? मे आला की मी आपली मुकाट्याने नावं उचलत होते. शेवटच्या वर्षी तर नऊ उचलली. सह्या तीनच होत्या.

मग आली ती नोव्हेंबरातली सभा. शिक्षकांची सभा, मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. झाम्फिर बोलायला उठला. त्याला माझ्या याद्यांचा वास लागला होता, की नुसता अंधारात दगड मारला, देव जाणे.

"सर्वेक्षणात पोरांनी लिहिलंय," तो म्हणाला, "की काही विषयांना त्यांना न विचारता बसवलं जातं. मी कुणाचं नाव घेत नाही. पण काही विषय नुसते नियमाच्या सलाइनवर जगतायत."

दोन-चार जण हसले. सरांकडे कुणी बघितलं नाही, आणि न बघण्यातच सगळं आलं. सर उठले. निळा डगला, बटणं वरपर्यंत लावलेली.

"तरुण सहकारी बरोबर बोलतायत," ते म्हणाले. "ज्याने निवडलं नाही त्याला शिकवण्यात अर्थ नाही, त्याला कुठेही ढकलणं हा त्याचा आणि विषयाचाही अपमान आहे. तेव्हा मी ठराव मांडतो. यापुढे फक्त सही धरायची. जो सही करणार नाही, त्याला जोडीतल्या जास्त सह्यांच्या विषयात घालायचं. आणि ज्याला बारा सह्या नाहीत तो विषय बंद. लगेच, याच वर्षीपासून."

झाम्फिर क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग सगळ्यांत आधी हात त्याने वर केला. ठराव एकमताने मंजूर. मला तो लिहावा लागला, आणि 'मोगोशानू यांनी मांडला' हेही लिहावं लागलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं.

"सर, तो ठराव मागे घ्या."

"का बरं?"

"उगाच कशाला? पोरं विसरभोळी, सह्या करायला विसरतात. तुमचं एकच वर्ष राहिलंय पेन्शनला."

"म्हणूनच तर," ते म्हणाले, आणि चक्क हसले. "झाम्फिरला वाटतं सलाइनवर मी आहे. नऊ वर्षं एकदाही बाराच्या खाली गेलो नाही. दिसू दे ना त्याला, कुणाकडे पोरं ओढून आणलेली आहेत ते. तुम्ही याद्या करता, तुम्हाला तर ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. तेव्हा तरी सांगायचं होतं. जिन्यात दोघांखेरीज कुणी नव्हतं. मी म्हटलं, "गुडघा दुखतोय, मी लिफ्टने जाते."

एप्रिलमध्ये मी तिसऱ्या वर्षाच्या गटप्रमुखाला खिडकीतून आत बोलावलं. तेओफिल नाव. सगळ्या वर्गाचे फॉर्म गोळा करून आणणं त्याचं काम.

"मोगोशानू सरांना बारा सह्या आण," मी म्हटलं. "तुझ्या वसतिगृहाच्या खोलीचं मी बघते."

"बाई, खोली तर हवीच आहे," तो म्हणाला, "पण बारा कुठून आणू? तिथे जाऊन दांडा लावायला विसरलो की वर्ष गेलं. आम्हाला डिग्री घेऊन जर्मनीला जायचंय."

"जर्मनीला जा, नाहीतर कुठेही जा. वीज तिकडेही मारते, तेओफिल."

"तिकडे ती बटणात असते, बाई. बटणामागे दुसरी माणसं असतात."

प्रयत्न केला त्याने, नाही म्हणत नाही. मुदत संपली त्या संध्याकाळी मी फॉर्म तीनदा मोजले. झाम्फिरला एकेचाळीस. सरांना चार. बाकी तेवीस जणांची नावं टेबलावर पडली होती आणि या खेपेला त्यांना हात लावायची सोय नव्हती.

सकाळी साडेआठला सर आले. कॉफी होती, कोव्रिगी होत्या. बसायच्या आधीच म्हणाले, "किती?"

मी कागद त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एखादा गठ्ठा दुसऱ्या फाइलीत गेला असेल."

"नाही सर."

"तेओफिलने काही गडबड..."

"नाही सर. मीच मोजलेत. तीनदा."

ते बसले. मग हळूच विचारलं, "गेल्या वर्षी किती होत्या? खऱ्या."

त्यांना कळलं होतं. माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असेल. मी उठले, मागचं कपाट उघडलं आणि नऊ वर्षांचे फॉर्म, सुतळीने बांधलेले, त्यांच्यापुढे ठेवले. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. ते एकेक गठ्ठा सोडत गेले. सह्या मोजायचे, सुतळी परत बांधायचे, बाजूला ठेवायचे. मध्येच म्हणाले, "म्हणून हसायचे होय ते." मला ऐकवायला नव्हे, आपल्यापाशीच.

सहाव्या वर्षाचा गठ्ठा त्यांनी दोनदा मोजला.

"चार," ते म्हणाले.

"हो सर."

"गुरुवारी पाच आले होते. म्हणजे न निवडलेला एक तरी आला होता." मग म्हणाले, "चार पोरांना मी सांगू शकलो असतो. चार जणांना काय, घरी बोलावून सांगितलं असतं, बाबांनो, माझी बायको आजारी आहे."

बाहेर पोरांची रांग लागायला सुरुवात झाली होती, त्यांचे आवाज पडद्यातून येत होते. मी म्हटलं, "सर, मी... तुमच्यासाठीच..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "एक सांगतो. मिओआराला मी शब्द दिला होता. ज्या वर्षी पोरं मिळणार नाहीत त्या वर्षी येतो म्हणून. पहिल्याच वर्षी पाच होत्या. म्हणजे पहिल्याच वर्षी जायचं होतं मला. पण हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका."

मला ठाऊक होतं.

मिओआरा इटलीला निघाली त्या पहाटे मी तिला बसवर पोचवायला गेले होते. स्टेडियमच्या मागून बस सुटायची. सर सामान चढवत होते, लोणच्याच्या बरण्या, जॅमच्या बरण्या. मिओआराने मला बाजूला ओढलं. म्हणाली, "हा स्वतःहून यायचा नाही गं. पण शब्द दिलाय, पोरं कमी पडली की येतो म्हणून. आणि पडणारच आहेत, दोन वर्षं बघतेय मी. तू तिथेच बसतेस. तू काही करू नकोस, स्तेलियाना. फक्त त्याला मदत करू नकोस." मी तिला मिठी मारली आणि "बरं" म्हणाले.

सर उठले. गठ्ठे नीट एकावर एक रचून माझ्या बाजूला सरकवले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला, जुन्या वळणाची माणसं करतात तसा ओठांना लावला, आणि म्हणाले, "नऊ वर्षं तुम्ही माझी अब्रू राखलीत, स्तेलियानाबाई. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलं नाही. तुमचे आभार."

मी म्हटलं, "त्यात काय, सर."